पुश करण्यापूर्वी: आपल्या संगणकावरचे कमिट नीट लावण्याची पद्धत

जळगावातल्या एका छोट्या चमूत, केळी-खरेदीची हिशोबपट्टी छापणाऱ्या प्रणालीवर काम करताना एका दिवसात गिटमध्ये (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीत) माझे पाच कमिट, म्हणजे जतन केलेल्या बदलांच्या नोंदी, झाले. पट्टीचे गणित वरवर सोपे असते: घडांचे एकूण वजन, त्यातून जाणारा कडता (वजनातली कपात), मग हमाली, तोलाई (वजन करण्याचे शुल्क) आणि शेवटी शेतकऱ्याच्या हाती पडणारी रक्कम. संध्याकाळी ‘गिट लॉग --वनलाइन’ ही कमांड दिली तेव्हा पडद्यावर पुढील यादी आली; सर्वांत नवा कमिट सर्वांत वर.

आते तरी चाल रे भो
चुकून राहिलेली फाइल
हमाली दुरुस्त
तोलाई पट्टीवर वेगळ्या ओळीत दाखवणे
हमाली कडत्यापूर्वीच्या वजनावर मोजणे

सर्वांत वरची ओळ अहिराणीत आहे आणि ती लिहिणाऱ्याची मनःस्थिती नेमकी सांगते. परंतु त्या कमिटमध्ये काय बदलले, हे पंधरा दिवसांनी मलाही तिच्यावरून कळले नसते. हे पाचही कमिट तसेच पुश केले, म्हणजे सर्व्हरवर पाठवले असते, तर रिव्ह्यू करणाऱ्याला केवळ हमालीचे गणित समजून घेण्यासाठी तीन वेगवेगळे कमिट शेजारी ठेवून वाचावे लागले असते आणि त्यांच्यामध्ये घुसलेला तोलाईचा बदल मनातल्या मनात बाजूला काढावा लागला असता. या पाचांचे तीन स्वच्छ कमिट कसे केले, ते पुढे क्रमाने सांगितले आहे. कमांड येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत; टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन लिपीत टंकाव्या लागतात.

काय आपले आणि काय सर्वांचे

लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिनक्स कर्नेलच्या कामासाठी गिट लिहायला घेतले, कारण तोवर वापरात असलेल्या बिटकीपर या प्रणालीची विनामूल्य सवलत बंद झाली होती. कर्नेलवर काम करणारे लोक जगभर विखुरलेले असल्यामुळे प्रत्येकाच्या संगणकावर पूर्ण इतिहास असावा, अशी रचना त्यात मुळापासून आहे. सबव्हर्जन या तशाच दुसऱ्या प्रणालीत कमिट केला की तो थेट सर्व्हरवर जातो; गिटमध्ये कमिट करणे आणि पुश करणे या दोन स्वतंत्र क्रिया आहेत. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेलेला असताना वीज जाते, पाठोपाठ इंटरनेट जाते, आणि तरीही लॅपटॉपच्या बॅटरीवर कमिट करत राहता येते, ते याच रचनेमुळे. कमिट आणि पुश यांच्यामध्ये जो अवकाश मिळतो, तोच आवराआवरीचा काळ होय.

जे अजून पुश झालेले नाही ते संपूर्णपणे आपले असते. ते मोडावे, जोडावे, पुन्हा लिहावे, कोणाची परवानगी लागत नाही. जे पुश झाले आणि दुसऱ्या कोणी घेतले, त्याला हात लावू नये. हा केवळ शिष्टाचार नव्हे, त्यामागे यंत्रणा आहे. प्रत्येक कमिटची ओळख म्हणजे ४० अंक-अक्षरांचा हॅश असतो आणि तो फाइलींची स्थिती, लेखकाचे नाव, वेळ, संदेश आणि आधीच्या कमिटचा हॅश या सर्वांवरून काढला जातो. त्यामुळे मधल्या एका कमिटच्या संदेशातला एक काना जरी बदलला, तरी त्याचा हॅश बदलतो आणि त्यानंतरच्या प्रत्येक कमिटचाही बदलतो. सहकाऱ्याने जुने कमिट आधीच घेतलेले असतील, तर त्याच्या दृष्टीने आपला इतिहास हा सर्वस्वी वेगळा इतिहास ठरतो आणि दोन्ही जुळवताना तेच बदल दोनदा दिसू लागतात.

म्हणून पहिली पायरी म्हणजे आपले काय आहे ते पाहणे. आधी सर्व्हरवरची ताजी स्थिती आणणारी ‘गिट फेच’ द्यावी आणि मग ‘गिट लॉग --वनलाइन ओरिजिन/मेन..हेड’; ‘हेड’ म्हणजे आपण आत्ता जेथे आहोत तो कमिट. दोन टिंबांच्या डावीकडे जे नाही आणि उजवीकडे आहे, तेवढेच कमिट ही कमांड दाखवते. फेच न करता हे पाहिले तर फसगत होऊ शकते, कारण ‘ओरिजिन/मेन’ म्हणजे सर्व्हरची आत्ताची स्थिती नव्हे. शेवटच्या संपर्काच्या वेळी सर्व्हर जसा होता, त्याची आपल्या संगणकावरची ती नोंद असते.

दुसरी पायरी अर्ध्या मिनिटाची आहे आणि ती कधीही गाळू नये: ‘गिट ब्रँच राखीव’. यामुळे सध्याच्या जागेवर ‘राखीव’ नावाची ब्रँच, म्हणजे कमिटच्या मालिकेवरची एक खूण, राहते. पुढे काहीही बिघडले, तरी ‘गिट रीसेट --हार्ड राखीव’ म्हटले की सर्व कमिट होते तसे परत येतात.

शेवटचाच कमिट सुधारायचा असेल तर

चूक लगेच लक्षात आली, तर ‘गिट कमिट --अमेंड’ पुरेसे असते. विसरलेली फाइल स्टेज करून, म्हणजे कमिटसाठी निवडून, ही कमांड दिली की ती शेवटच्या कमिटमध्ये सामावते. संदेश तोच ठेवायचा असल्यास ‘--नो-एडिट’ जोडावे. माझा ‘चुकून राहिलेली फाइल’ हा कमिट मुळात जन्मालाच यायला नको होता, पण फाइल राहिल्याचे लक्षात येईपर्यंत ती ज्यात हवी होती त्या तोलाईच्या कमिटवर आणखी एक कमिट चढला होता आणि अमेंड फक्त सर्वांत वरच्या कमिटपर्यंतच पोहोचते.

अशा वेळी ‘गिट कमिट --फिक्सअप=’ यापुढे ज्या कमिटची दुरुस्ती आहे त्याचा हॅश लिहून कमिट करावा. हा कमिट स्वतःच्या कपाळावर मालकाचे नाव लिहून जन्माला येतो, आणि नंतर ‘गिट रिबेस -आय --ऑटोस्क्वॉश’ (रिबेस म्हणजे कमिट पुन्हा क्रमाने रचणे) दिल्यावर यादीत आपोआप त्याच्याखाली जाऊन बसतो. दिवसभर ही सवय पाळली, तर संध्याकाळचे निम्मे काम उरत नाही. मी त्या दिवशी पाळली नव्हती.

रिबेसची यादी

पाच कमिट आवरायचे होते म्हणून ‘गिट रिबेस -आय हेड~५’ ही कमांड दिली; ‘हेड~५’ म्हणजे हेडच्या पाच कमिट मागे. एडिटरमध्ये यादी उघडते आणि येथेच नवखा माणूस हमखास गोंधळतो, कारण लॉगमध्ये नवा कमिट वर असतो, तर या यादीत सर्वांत जुना वर असतो. यादी वरून खाली अमलात येते, असे लक्षात ठेवले की क्रम उलटा का, हे कळते. प्रत्येक ओळीच्या आरंभी ‘पिक’ हा शब्द असतो. मी ओळींची जागा आणि शब्द बदलून यादी अशी केली (हॅश गाळले आहेत):

पिक हमाली कडत्यापूर्वीच्या वजनावर मोजणे
फिक्सअप हमाली दुरुस्त
पिक तोलाई पट्टीवर वेगळ्या ओळीत दाखवणे
फिक्सअप चुकून राहिलेली फाइल
एडिट आते तरी चाल रे भो

‘पिक’ म्हणजे कमिट आहे तसा घ्यावा. ‘फिक्सअप’ म्हणजे वरच्या कमिटमध्ये मिसळावा आणि स्वतःचा संदेश टाकून द्यावा. ‘स्क्वॉश’ तेच करतो, पण दोन्ही संदेश समोर ठेवून एक लिहायला सांगतो. ‘रिवर्ड’ केवळ संदेश बदलण्यासाठी आहे आणि ‘ड्रॉप’ कमिट वगळण्यासाठी. एखादी ओळच पुसून टाकली, तरी तो कमिट गुपचूप वगळला जातो, म्हणून यादीत कट-पेस्ट करताना ओळी मोजून घ्याव्यात. एडिटर म्हणून व्हिम उघडत असेल आणि त्यातून बाहेर पडण्यातच वेळ जात असेल, तर ‘गिट कॉन्फिग --ग्लोबल कोर.एडिटर नॅनो’ एकदा देऊन टाकावे. त्यात कमीपणा नाही.

क्रम बदलताना एक पथ्य असते. दोन कमिटनी एकाच फाइलच्या त्याच ओळींना हात लावला असेल, तर त्यांची अदलाबदल केल्यावर कॉन्फ्लिक्ट येतो, म्हणजे कोणता बदल ठेवायचा हे गिटला ठरवता येत नाही. ‘गिट स्टेटस’ फाइल दाखवते, ती दुरुस्त करून ‘गिट अ‍ॅड’ आणि मग ‘गिट रिबेस --कंटिन्यू’ असा मार्ग असतो. मात्र रिबेसमध्ये ‘अवर्स’ आणि ‘देअर्स’ यांचे अर्थ आपल्या अपेक्षेच्या उलट असतात: ज्या पायावर कमिट रचले जात आहेत ते ‘अवर्स’, आणि स्वतःचा, हाताने लिहिलेला कमिट ‘देअर्स’. गोंधळ वाढला तर हट्ट न धरता ‘गिट रिबेस --अबॉर्ट’ द्यावे. सर्व काही रिबेसच्या आधी होते तसे होते.

एका कमिटचे दोन करणे

पाचव्या कमिटपुढे ‘एडिट’ लिहिण्याचे कारण असे, की त्यात दोन वेगळ्या गोष्टी होत्या. हमालीची रक्कम जवळच्या पूर्ण रुपयात आणण्याचा खरा बदल होता, आणि चूक शोधताना चार ठिकाणी टाकलेल्या, वजन पडद्यावर छापणाऱ्या ओळी होत्या. पहिली गोष्ट ठेवायची होती, दुसरी कोणालाच दाखवायची नव्हती.

रिबेस त्या कमिटपाशी थांबला, तेव्हा ‘गिट रीसेट हेड~’ दिली. यामुळे कमिट सुटतो, पण त्यातले बदल फाइलींमध्ये तसेच राहतात. मग ‘गिट अ‍ॅड -पी’. ही कमांड बदलांचा एकेक तुकडा समोर ठेवून विचारते: वाय म्हणजे घ्या, एन म्हणजे सोडा, एस म्हणजे आणखी बारीक तुकडे करा, क्यू म्हणजे पुरे. माझ्या एका तुकड्यात पूर्ण रुपयाची ओळ आणि छापण्याची ओळ दोन्ही होत्या. त्यांच्यामध्ये न बदललेली एक ओळ होती, म्हणून एस दिल्यावर त्या वेगळ्या झाल्या. बदललेल्या ओळी एकमेकींना चिकटून असतील, तर एसने भागत नाही, ई देऊन तुकडा हाताने संपादित करावा लागतो. त्यानंतर ‘गिट डिफ --स्टेज्ड’ देऊन फक्त हवे तेच स्टेज झाले आहे याची खात्री केली आणि कमिट केला.

उरलेल्या छापण्याच्या ओळी ‘गिट रिस्टोअर .’ देऊन काढून टाकल्या. ही कमांड ऑगस्ट २०१९ मध्ये आलेल्या गिट २.२३ पासून आहे. ती देताना हात जपून चालवावा, कारण कमिट न झालेला बदल एकदा पुसला की गिटकडे त्याची कोणतीही प्रत नसते. माझ्याकडे त्या ओळी राखीव ब्रँचमध्ये होत्या, म्हणून निर्धास्त होतो. शेवटी ‘गिट रिबेस --कंटिन्यू’.

रिबेस पूर्ण झाल्यावर ‘गिट डिफ राखीव’ अवश्य द्यावी. आपण कमिटची मांडणी बदलली आहे, कोड बदललेला नाही. म्हणून जुनी आणि नवी अंतिम स्थिती यांत फरक निघता कामा नये. माझ्या बाबतीत नेमक्या चार छापण्याच्या ओळींचा फरक दिसला आणि तो अपेक्षितच होता. पाचवी ओळ दिसली असती, तर मी मागे गेलो असतो.

अंतिम स्थिती बरोबर असली, तरी मधला एखादा कमिट मोडका असू शकतो. ‘गिट रिबेस -आय --एक्झेक’ यापुढे अवतरणचिन्हांत आपली चाचणीची कमांड आणि शेवटी ‘हेड~३’ दिल्यास प्रत्येक कमिटनंतर चाचणी चालते आणि जेथे ती नापास होते तेथे रिबेस थांबतो. पुढे कधी ‘गिट बायसेक्ट’ने बग शोधण्याची वेळ आली, तर प्रत्येक कमिट स्वतंत्रपणे चालणारा असण्याचे मोल कळते.

आवराआवरीचा अतिरेकही मी पाहिला आहे. काही जण आठवड्याचे सगळे काम ‘गिट रीसेट --सॉफ्ट’ करून एकाच जाडजूड कमिटमध्ये कोंबतात. खरोखर सगळाच गुंता झाला असेल, तर सॉफ्ट रीसेट करून पुन्हा तुकडे करणे हा उत्तम मार्ग आहे, पण तुकडे न करताच थांबणे म्हणजे घर झाडून सगळा कचरा पलंगाखाली सारणे होय. हमालीचा बदल उद्या मागे घ्यायचा ठरला, तर ‘गिट रिव्हर्ट’ने फक्त तोच मागे घेता आला पाहिजे, तोलाईची ओळ जागेवर राहिली पाहिजे. तुकडा केवढा असावा, याचे माझे माप एवढेच आहे.

संदेश

पहिली ओळ इंग्रजीत साधारण ५० अक्षरांच्या आत ठेवण्याचा प्रघात आहे. मग एक ओळ मोकळी सोडून सविस्तर मजकूर लिहावा. काय बदलले हे डिफमध्ये दिसतेच, म्हणून मजकुरात कारण लिहावे. माझ्या पहिल्या कमिटचा संदेश शेवटी असा झाला:

हमाली कडत्यापूर्वीच्या वजनावर मोजणे

हमाल पूर्ण वजन उचलतात. कडता हा खरेदीदार आणि शेतकरी यांच्यातला हिशोब आहे. आतापर्यंत हमाली निव्वळ वजनावर मोजली जात असल्यामुळे प्रत्येक पट्टीत ती कमी पडत होती.

संदेश मराठीत लिहावा की इंग्रजीत, हे चमूने ठरवावे. आमच्या चमूत कडता हा शब्द इंग्रजीत नेण्याचे दोन प्रयत्न झाले, दोन्हींचा अर्थ वेगवेगळा निघाला, आणि तेव्हापासून आम्ही मराठीतच लिहितो.

नाव आणि पासवर्ड

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत चार जण मिळून एकाच संगणकावर प्रकल्प करतात, तेव्हा चौघांचेही काम ज्याने पहिल्यांदा गिट बसवले त्याच्या नावावर जाते. पुश करण्यापूर्वी ‘गिट लॉग’मध्ये लेखकाचे नाव आणि ईमेल पाहावे. चुकले असल्यास ‘गिट कॉन्फिग यूजर.नेम’ आणि ‘गिट कॉन्फिग यूजर.ईमेल’ यांनी दुरुस्त करून ‘गिट कमिट --अमेंड --नो-एडिट --रीसेट-ऑथर’ द्यावे. अनेक कमिट असल्यास हीच कमांड रिबेसच्या ‘--एक्झेक’मध्ये घालावी.

पासवर्ड किंवा एपीआय की चुकून कमिटमध्ये गेली असेल, तर ती पुढच्या कमिटमध्ये पुसून काहीच साधत नाही, कारण जुना कमिट इतिहासात वाचता येतोच. पुश झालेले नसेल, तर वर सांगितल्याप्रमाणे ‘एडिट’ लावून त्या मूळ कमिटमधूनच ती काढावी आणि फाइलचे नाव ‘.गिटइग्नोर’मध्ये घालावे. पुश झालेले असेल, तर इतिहासाच्या साफसफाईत वेळ न घालवता आधी पासवर्ड बदलावा.

पाठवताना

आपले कमिट नीट लागल्यानंतरच, वेगळ्या पायरीने, ‘गिट फेच’ आणि ‘गिट रिबेस ओरिजिन/मेन’ करावे. आवराआवर आणि नव्या पायावर नेणे या दोन्ही गोष्टी एकाच रिबेसमध्ये करता येतात, पण मग एखादा कॉन्फ्लिक्ट आपल्या क्रमबदलामुळे आला की सहकाऱ्याच्या बदलामुळे, हे ओळखता येत नाही.

आपली स्वतंत्र ब्रँच आधी एकदा पुश झालेली असेल आणि नंतर कमिट बदलले असतील, तर सर्व्हर साधे पुश नाकारतो. तेव्हा ‘--फोर्स’ टंकण्याचा मोह होतो. काही वर्षांपूर्वी एका कामावर असताना मी सामाईक ब्रँचवर तेच केले. थोड्या वेळाने धुळ्याच्या सहकाऱ्याचा फोन आला: “भाऊ, माझे सकाळचे दोन कमिट सर्व्हरवर दिसत नाहीत.” ते मीच पुसले होते. त्याच्याकडे वीज नव्हती आणि लॅपटॉपची बॅटरीही उतरलेली होती, त्यामुळे संध्याकाळी वीज येईपर्यंत, त्याने ते पुन्हा पुश करेपर्यंत, मी दुसरे काहीही करू शकलो नाही. ‘--फोर्स-विथ-लीज’ दिले असते, तर सर्व्हरवर आपल्याला ठाऊक नसलेले काही आहे हे पाहून गिटनेच पुश अडवले असते. काही एडिटर पार्श्वभूमीवर आपणहून फेच करत राहतात, आणि त्यामुळे हे संरक्षण ढिले पडते, गिट २.३० पासूनचे ‘--फोर्स-इफ-इन्क्लूड्स’ सोबत जोडल्यास ती फटही बुजते. सामाईक ब्रँचवर मात्र यांपैकी काहीच वापरू नये.

राखीव ब्रँच करायची राहिली आणि रिबेसमध्ये काही हरवले, तर ‘गिट रिफ्लॉग’ पाहावे. हेड कोठे कोठे होते, याची ती रोजनिशी असते. योग्य ओळ सापडली की तिच्या हॅशवर नवी ब्रँच काढावी. कोणत्याही ब्रँचवरून न पोहोचता येणाऱ्या कमिटच्या नोंदी एरवी ३० दिवस आणि इतर नोंदी ९० दिवस टिकतात. ही रोजनिशी फक्त त्या एका संगणकावर असते, सर्व्हरवर जात नाही.

ब्रँच मर्ज झाली, म्हणजे मुख्य ब्रँचमध्ये मिसळली, की राखीव खूण काढून टाकावी. ‘गिट ब्रँच -डी राखीव’ लिहिताना लहान लिपीतला डी दिल्यास गिट नकार देईल आणि ही ब्रँच मर्ज झालेली नाही असे सांगेल. ते खरेच आहे, कारण मर्ज झाले ते नवे तीन कमिट. जुने पाच, त्या अहिराणी ओळीसकट, फक्त तिच्यावरच उरलेले असतात. तेथे मोठ्या लिपीतला डी द्यावा लागतो.